आडनाव जेफरसन, गुणसूत्र कुणाचं?

अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष थॉमस जेफरसन 1821 मध्ये आपल्या आयुष्याची टिपणं लिहायला बसला तेव्हा 77 वर्षांचा होता. रीतीप्रमाणे सुरुवात घराण्याच्या मुळापासून केली, पण त्याबद्दल सांगण्यासारखं त्याच्याकडे फारसं नव्हतं. वडिलांच्या घरात सांगत आले होते की मूळपुरुष वेल्समधून आला, तोही स्नोडन डोंगराच्या आसपासचा. वेल्समधल्या एका खटल्याच्या वृत्तान्तात हे आडनाव त्याला एकदा दिसलं होतं आणि व्हर्जिनिया कंपनीच्या एका चिटणिसाचं आडनावही हेच होतं. बस, एवढंच. खात्रीची माहिती थेट आजोबांपासून सुरू होत होती. त्याआधी, तरुणपणी 1771 मध्ये, त्यानं लंडनमधली कामं पाहणाऱ्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला घराण्याचं मानचिन्ह शोधायला सांगितलं होतं. नोंद सापडली नाही तर विकतच घेऊन टाक, स्वस्तात मिळतं म्हणतात, असा त्या पत्राचा थट्टेखोर सूर आहे.

ज्या माणसाला आपल्या घराण्याच्या दोन-तीन पिढ्यांपलीकडचं काही सांगता येत नव्हतं, त्याच्या आडनावाचा शोध पुढे प्रयोगशाळेत घेतला गेला, तोही दोनदा. 1998 मध्ये प्रश्न होता, या घराण्याचं वाय गुणसूत्र, म्हणजे बापाकडून फक्त मुलाकडे जाणारं, कुणाकुणाकडे गेलं. 2007 मध्ये प्रश्न होता, ते मुळात आलं कुठून. दोन्ही वेळा उत्तर मिळालं, आणि दोन्ही वेळा लोकांनी त्यात जेवढं होतं त्याहून जास्त वाचलं.

आपल्या आडनावाचं मूळ शोधायला निघालेल्या माणसानं हे प्रकरण आधी वाचावं असं मला वाटतं. आडनाव आणि रक्त यांची फारकत जितक्या तऱ्हांनी होऊ शकते, त्यातल्या बहुतेक तऱ्हा या एकाच घराण्यात भेटतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. वाय गुणसूत्राची चाचणी आडनावाचं मूळ सांगत नाही. ती दोन पुरुषांना शेजारी उभं करून त्यांचा पुरुषवंश जुळतो की नाही एवढं सांगते. बाकीचं काम कागदांचं, आणि कागद कमी पडले की चाचणीच्या तोंडी नको ती वाक्यं घातली जातात.

आधी नाव

जेफरसन म्हणजे जेफ्रीचा मुलगा. जेफ्री हे नाव 1066 नंतर नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडात आलं आणि चांगलंच रुजलं. इंग्लंडात आडनावं वडिलांकडून मुलाकडे जाऊ लागली ती त्यानंतरच्या काही शतकांत, एकदम नव्हे, प्रदेशाप्रदेशानं. बापाच्या नावाला ‘सन’ जोडण्याची रीत मुख्यतः उत्तर इंग्लंडची आणि स्कॉटलंडच्या सखल भागाची. दक्षिणेत आणि वेल्सच्या सीमेकडे नुसता ‘स’ लागे, जसं विल्यम्स किंवा रॉबर्ट्स. खुद्द वेल्समध्ये ‘ॲप’ म्हणजे ‘अमक्याचा मुलगा’ असं म्हणत आणि दर पिढीला ते बदले. ॲप रिचर्डचं पुढे प्रिचर्ड झालं, ॲप हौवेलचं पॉवेल. तिथं कायमची आडनावं यायला सोळावं शतक आणि त्यापुढचाही काळ लागला.

म्हणजे नावाची घडणच स्नोडनच्या कथेला अनुकूल नाही. जेफरसन हे उत्तर इंग्लंडच्या वळणाचं नाव आहे. यानं कथा खोटी ठरत नाही, कारण उत्तरेतला कुणी वेल्समध्ये जाऊन राहिला असेल आणि तिथून अमेरिकेला निघाला असेल. पण पुराव्याची जबाबदारी कथेवर येते, आणि कथेकडे एका खटल्याखेरीज काही नाही.

नावातून आणखी एक गोष्ट निघते, तिचं महत्त्व पुढे कळेल. जेफ्री हे नाव सर्रास होतं. जिथं जिथं जेफ्री होता तिथं तिथं जेफरसन तयार होऊ शकत होता. एका ओढ्याच्या किंवा वाडीच्या नावावरून पडलेलं आडनाव एकाच घरातून निघालेलं असण्याची शक्यता बरी असते. बापाच्या नावावरून पडलेल्या आडनावाला बहुधा अनेक मूळपुरुष असतात.

ज्याला मुलगा नाही त्याचं वाय

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, जवळपास जसंच्या तसं. आडनावही बहुतेक ठिकाणी तसंच जातं, म्हणून दोघांची सांगड घालण्याची कल्पना सुचली. ‘जवळपास’ हा शब्द इथं कामाचा आहे. गुणसूत्रावर काही ठिकाणी एखादा छोटा तुकडा पुनःपुन्हा येतो, समजा चौदा वेळा. क्वचित एखाद्या पिढीत त्याचे पंधरा होतात, आणि मग त्या शाखेत पंधराच पुढे चालतात. अशा अनेक ठिकाणांचे आकडे एकत्र मांडले की जो संच तयार होतो त्याला हॅप्लोटाइप म्हणतात. दोन पुरुषांचे संच तंतोतंत जुळले तर त्यांचा पुरुषवंश कुठंतरी एकत्र येतो. किती मागे, हे किती ठिकाणं तपासली आणि तो संच किती दुर्मीळ आहे यावर ठरतं.

थॉमस जेफरसनच्या बाबतीत पहिलीच अडचण अशी की पत्नी मार्थापासून झालेल्या सहा मुलांपैकी एकच मुलगा होता आणि तो 1777 मध्ये काही आठवड्यांचा होऊन गेला. मोठ्या झाल्या त्या दोन मुली. त्यामुळे त्याचा कायदेशीर पुरुषवंश नाही आणि तपासायला थेट वारस नाही. युजीन फॉस्टर या निवृत्त पॅथॉलॉजिस्टनी एक पायरी मागे जायचं ठरवलं. थॉमसचा काका फील्ड जेफरसन याच्या दोन मुलांचे पुरुषवंशज हयात होते. थॉमसच्या वडिलांना आणि फील्डला वाय एकाच बापाकडून, म्हणजे थॉमसच्या आजोबांकडून मिळालेलं. तेव्हा फील्डच्या वंशजांचं वाय तेच थॉमसचं, असं धरून चालता येतं.

धरून चालता येतं, सिद्ध होत नाही. मधल्या काळात एखाद्या पिढीत नावाचा बाप एक आणि रक्ताचा दुसरा असं झालं असेल तर सगळंच कोसळतं. म्हणून फॉस्टर यांनी एकावर न थांबता पाच जण घेतले. पाचांपैकी चौघांचा हॅप्लोटाइप तंतोतंत सारखा निघाला. पाचव्याचा फक्त एका ठिकाणी एका पुनरावृत्तीनं वेगळा. दोन वेगवेगळ्या मुलांच्या शाखांतून दोन शतकांनी एकच संच हाती येतो, तेव्हा तो त्यांच्या बापाचाच, म्हणजे फील्डचा, यावर बोट ठेवता येतं. पाचव्यातला तो एक पायरीचा फरक मला उलट दिलासा देणारा वाटतो. इतक्या पिढ्यांत कुठंतरी एखादा बदल व्हायलाच हवा होता.

1998 चा प्रश्न

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर सॅली हेमिंग्जच्या मुलांसाठी. सॅली जेफरसनच्या मॉन्टिसेलो या घरातली गुलाम स्त्री. ती जेफरसनची पत्नी मार्था हिची सावत्र बहीणही होती, कारण मार्थाचे वडील जॉन वेल्स हेच सॅलीचेही वडील होते. मार्था 1782 मध्ये गेली. 1802 मध्ये, जेफरसन अध्यक्ष असताना, जेम्स कॅलेंडर या पत्रकारानं छापून टाकलं की सॅलीला जेफरसनपासून मुलं आहेत. सॅलीची चार मुलं मोठी झाली: बेव्हर्ली, हॅरिएट, मॅडिसन आणि 1808 मध्ये जन्मलेला सर्वांत धाकटा एस्टन. मॅडिसननं 1873 मध्ये ओहायोतल्या एका वृत्तपत्राला सरळ सांगितलं की आमचा बाप थॉमस जेफरसन. जेफरसनच्या नातवंडांनी बोट दाखवलं ते सॅम्युएल आणि पीटर कार या भावांकडे. हे दोघं जेफरसनच्या बहिणीचे मुलगे.

चाचणीच्या दृष्टीनं ही फार सोयीची मांडणी होती. भाच्यांचं वाय त्यांच्या बापाचं, म्हणजे कार घराण्याचं असणार, जेफरसनचं नव्हे. थॉमस असो की भाचे, दोन्ही शक्यता एकाच चाचणीत वेगळ्या पडतात. म्हणून कार भावांच्या आजोबांचे तीन पुरुषवंशज घेतले. तिसरा गट वुडसन कुटुंबाचा. कॅलेंडरनं ‘टॉम’ नावाच्या एका थोरल्या मुलाचा उल्लेख केला होता, आणि थॉमस वुडसनच्या वंशजांत तो टॉम म्हणजे आपलाच पूर्वज ही गोष्ट पिढ्यांपासून सांगितली जात होती. त्या घरातले पाच पुरुष घेतले. एस्टनच्या वंशातला मात्र एकच पुरुष मिळाला.

एकूण 19 ठिकाणं तपासली गेली. निकाल ‘नेचर’ नियतकालिकात 5 नोव्हेंबर 1998 ला आला. एस्टनच्या वंशजाचं वाय फील्डच्या वंशजांशी 19 पैकी 19 ठिकाणी जुळलं. हा योगायोग असू शकेल का? तो संच तोवर तपासलेल्या सुमारे 670 युरोपीय आणि जगभरच्या 1,200 हून अधिक पुरुषांत जेफरसन घराण्याबाहेर एकदाही दिसला नव्हता. कार घराण्याचे तिघं एकमेकांशी जुळले पण जेफरसनांशी बिलकुल नाही. भाच्यांची गोष्ट तिथं संपली, निदान एस्टनपुरती.

वुडसनांच्या घरात मात्र हिरमोड झाला. पाचांपैकी चौघांचा संच आपसात जुळणारा, युरोपीय वळणाचा, पण जेफरसनांपासून दूर. पाचव्याचा संच अगदीच निराळा, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या आफ्रिकेत आढळणारा. म्हणजे या शाखेत मधल्या एखाद्या पिढीत नावाचा बाप आणि रक्ताचा बाप वेगळे झाले होते. पूर्वजाबद्दल विचारायला गेलेल्या कुटुंबाच्या हाती न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पडलं. आडनावांवरच्या चाचण्यांत हे होतच राहतं आणि नमुना देणाऱ्याला ते आधी बजावून सांगायला हवं. त्यात लपवाछपवीच असते असंही नाही. दत्तक घेतलेला मुलगा, आईबरोबर नव्या घरात आलेला मुलगा, आईचं आडनाव लावणारा मुलगा, या सगळ्यांत आडनाव एकीकडून येतं आणि वाय दुसरीकडून.

मथळ्यानं केलेली घाई

‘नेचर’मधल्या लेखाला मथळा दिला गेला तो अशा अर्थाचा, की गुलाम स्त्रीच्या शेवटच्या मुलाचा बाप जेफरसनच. लेखाच्या आत मात्र भाषा सावध होती, आणि लेखकांना पुढच्या जानेवारीत पुन्हा खुलासा करावा लागला. चाचणीतून ठरलं ते इतकंच की एस्टनचा बाप जेफरसन पुरुषवंशातला होता. तसे प्रौढ पुरुष त्या वेळी व्हर्जिनियात वीसहून अधिक होते. त्यांत थॉमसचा धाकटा भाऊ रँडॉल्फ आणि त्याचे मुलगे हे काही फार लांब राहत नव्हते. वाय गुणसूत्र भावाभावांत, काका-पुतण्यांत फरक करत नाही. एवढ्यासाठीच ते घराणं ओळखायला उपयोगी आणि माणूस ओळखायला निरुपयोगी.

माणूस ओळखला तो कागदांनी. जेफरसन दिवसादिवसाच्या नोंदी ठेवणारा माणूस. तो मॉन्टिसेलोत कधी होता आणि कधी नव्हता हे त्यामुळे जवळजवळ तारखेनिशी कळतं. राजकारणापायी तो वर्षातले कित्येक महिने बाहेर असे, तरी सॅलीच्या ज्या मुलांच्या जन्मतारखा माहीत आहेत त्या प्रत्येकाचा गर्भधारणेचा काळ त्याच्या घरी असण्याच्या काळात पडतो. मॉन्टिसेलोचे पुरातत्त्वज्ञ फ्रेझर नायमन यांनी याचा सांख्यिकी अभ्यास 2000 मध्ये प्रसिद्ध केला. शिवाय बेव्हर्ली आणि हॅरिएट 1822 मध्ये निघून गेले तेव्हा त्यांचा पाठलाग झाला नाही, आणि 1826 च्या मृत्युपत्रानं मॅडिसन आणि एस्टन मुक्त झाले. मॉन्टिसेलो चालवणाऱ्या प्रतिष्ठानच्या समितीनं जानेवारी 2000 मध्ये निष्कर्ष काढला की थॉमस हाच एस्टनचा बाप असण्याची शक्यता फार मोठी आहे आणि सॅलीच्या इतर मुलांचाही बहुधा तोच. 2001 मध्ये विद्वानांच्या दुसऱ्या एका मंडळानं बहुमतानं हे नाकारलं आणि रँडॉल्फकडे बोट दाखवलं. माझ्या मते पहिल्या बाजूचं पारडं जड आहे, पण ते जड होतं ते तारखांच्या जोरावर.

एस्टन हेमिंग्जचा एस्टन जेफरसन

आडनावाच्या दृष्टीनं या प्रकरणातला सर्वांत बोलका भाग हा.

व्हर्जिनियात 1662 पासून कायदा होता की मुलाचा दर्जा आईवरून ठरेल. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कुणीही असो. एस्टनला जन्मतः जेफरसन आडनाव मिळणं शक्यच नव्हतं. तो एस्टन हेमिंग्ज. 1835 मध्ये आई गेल्यावर तो ओहायोतल्या चिलिकॉथीला गेला, तिथं व्हायोलिन वाजवणारा म्हणून नाव कमावलं. जनगणनेत तिथं त्याची नोंद मिश्रवंशीय म्हणून झाली. 1852 मध्ये सगळं कुटुंब घेऊन तो विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात गेला आणि तिथं पोचल्यावर आडनाव बदललं. एस्टन एच. जेफरसन. त्या दिवसापासून कुटुंब गोरं. चार वर्षांनी, 1856 मध्ये, तो वारला. त्याच्या मुलाचं नाव जॉन वेल्स जेफरसन, म्हणजे सॅलीच्या बापाचं नाव तिच्या नातवाला दिलेलं. हा जॉन पुढे यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूनं विस्कॉन्सिनच्या आठव्या पायदळ पलटणीत कर्नल झाला. काळ्यांना ज्या लष्करात अधिकारी म्हणून जवळपास वाव नव्हता, तिथं.

म्हणजे एस्टनकडे वाय जेफरसनांचं होतं आणि आडनाव नव्हतं, चव्वेचाळीस वर्षं. मग त्यानं आडनाव घेतलं. 1998 साली आडनाव आणि वाय दोन्ही जुळलेले दिसले, पण ते जुळले एका स्थलांतरामुळे, आपोआप वारशानं नव्हे. कुणी नुसता निकाल पाहिला तर त्याला वाटेल, जेफरसन आडनावाचा माणूस, जेफरसनचं वाय, सगळं सरळ आहे.

पुढची गंमत घरातच घडली. 1940 च्या दशकात या कुटुंबातल्या पुरुषांनी मुलांना सांगायला सुरुवात केली की आपण थॉमसचे नव्हे तर त्याच्या एका काकाचे वंशज. सॅलीचं नाव, आणि त्याबरोबर काळा पूर्वज, गोष्टीतून गाळायचा होता. 1970 च्या दशकात छापील इतिहासात एस्टनचं नाव वाचून पुढच्या पिढीला खरं कळलं. आता चाचणीकडे पुन्हा पाहा. चाचणी झाली ती काका फील्डच्या वंशजांशी तुलना करून. काकाची बनावट गोष्ट या चाचणीत पूर्ण गुणांनी पास झाली असती! ती खोटी ठरते ती साध्या तारखांनी. काका फील्ड 1765 मध्येच वारला आणि एस्टन जन्मला 1808 मध्ये.

थोरला भाऊ मॅडिसन ओहायोतच राहिला, कृष्णवर्णीयांत राहिला आणि हेमिंग्जच राहिला. हे आडनाव कुठलं, तेही त्यानंच 1873 मध्ये सांगितलं. त्याची आजी एलिझाबेथ हिचा बाप हेमिंग्ज नावाचा इंग्रज जहाजाचा कप्तान, आई आफ्रिकन. कप्तानानं मुलीला विकत घेऊ पाहिलं, मालकानं दिलं नाही. आडनाव तेवढं राहिलं. एलिझाबेथकडून सॅलीकडे आणि सॅलीकडून मॅडिसनकडे. दोन पिढ्या बायकांमधून आलेल्या आडनावाचा वायशी काडीचाही संबंध नाही. हेमिंग्ज आडनावाचे पुरुष गोळा करून त्यांची वाय चाचणी केली तर मॅडिसनच्या शाखेपुरता तरी त्या कप्तानाचा मागमूस लागणार नाही.

मॅडिसनच्या पुरुषवंशात तपासायला हयात कुणी सापडलं नाही. त्याचा मुलगा विल्यम कॅन्ससमधल्या लेव्हनवर्थच्या लष्करी दफनभूमीत पुरलेला आहे. त्याचे अवशेष काढून तपासावेत अशी मागणी झाली, कुटुंबानं नकार दिला. आमच्या घरात सांगत आलेलं आम्हाला पुरेसं आहे, अशी त्यांची भूमिका. मला ती पटते. नुसती वायची जुळणी निघाली असती तरी रँडॉल्फवाल्यांचा आक्षेप होता तिथंच राहिला असता.

2007: हे वाय आलं कुठून

1998 च्या निकालात एक खडा होताच. जेफरसनांचं वाय युरोपात इतकं विरळ का? ते ज्या शाखेत मोडतं तिला तेव्हा के2 म्हणत. 2008 मध्ये वंशवृक्षाची नावं नव्यानं लावली गेली तेव्हा तिचं नाव टी झालं, आणि आज के2 म्हणतात ती शाखा वेगळीच आहे. जुने लेख वाचताना इथं गफलत होते. ही शाखा जगातल्या पुरुषांत सुमारे 1 टक्का, आणि तिचं प्रमाण जास्त ते पूर्व आफ्रिकेत आणि मध्यपूर्वेत. झालं, तर्कांना ऊत आला. अध्यक्षाचे पूर्वज ज्यू होते, फिनिशियन होते, काय काय.

लेस्टर विद्यापीठातल्या तुरी किंग, मार्क जॉबलिंग आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये जगभरातले के2 नमुने एकत्र मांडून पाहिले. जेफरसनच्या संचाला सर्वांत जवळचा निघाला एक इजिप्तमधला नमुना. हौशी वंशावळकार इथंच थांबतो आणि घराण्याचं मूळ नाईल नदीकाठी नेऊन ठेवतो. पण ‘सर्वांत जवळचा’ म्हणजे तपासलेल्यांतला सर्वांत जवळचा. शाखा दुर्मीळ, नमुने मोजके, त्यात युरोपातले आणखी कमी. उद्या कुणी लँकेशरमधला एक माणूस तपासला आणि तो अधिक जवळ निघाला तर घराणं रातोरात इजिप्त सोडून लँकेशरला येणार का? शिवाय त्या मांडणीत युरोपातले थोडे नमुने विखुरलेले आणि आपसात बरेच वेगळे होते. अलीकडेच कुणी एकजण बाहेरून आला असता तर ते एकमेकांसारखे दिसले असते. विखुरलेपण सांगतं की ही शाखा युरोपात विरळ असली तरी जुनी असू शकते.

निर्णायक पाऊल साधं होतं. संशोधकांनी ब्रिटनमधले जेफरसन आडनावाचे, एकमेकांशी नातं नसलेले 85 पुरुष तपासले. दोघांत के2 सापडलं, तेही अध्यक्षाच्याच हॅप्लोटाइपचं. एकाचं मूळ यॉर्कशरचं, दुसऱ्याचं वेस्ट मिडलँड्सचं, आणि अमेरिकेतल्या घराण्याशी आपला संबंध आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. दुर्मीळ गुणसूत्र आणि तेच आडनाव, दोन्ही एकत्र ब्रिटनमध्ये सापडतं, तेव्हा हे वाय ब्रिटनमध्ये निदान आडनावाइतकं जुनं आहे असं म्हणायला जागा होते. त्याआधीच्या हजारो वर्षांत ते कुठून आलं, हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं ‘जेफरसन’ या शब्दाशी काही देणंघेणं नाही. तेव्हा जेफ्रीही नव्हता आणि त्याचा मुलगाही नव्हता.

लोक या दोघांकडे पाहतात, मला उरलेले 83 महत्त्वाचे वाटतात. आडनाव तेच, अध्यक्षाचं वाय नाही. जेफ्री अनेक होते हे नावावरून म्हटलं होतं, ते इथं आकड्यांत दिसतं. ब्रायन साइक्स यांनी 2000 मध्ये स्वतःच्याच आडनावाचे पुरुष तपासले तेव्हा जवळपास निम्म्यांत एकच हॅप्लोटाइप निघाला होता, आणि त्यावरून आडनाव म्हणजे एक घराणं असा समज पसरला. किंग आणि जॉबलिंग यांनी 2009 मध्ये 40 ब्रिटिश आडनावांचे 1,678 पुरुष तपासून चित्र पुरं केलं. आडनाव जितकं दुर्मीळ तितकं वाय एकसारखं असण्याची शक्यता जास्त, आणि स्मिथसारख्या सर्रास आडनावात ती वाटेल त्या दोन पुरुषांइतकीच. तेव्हा जेफरसन आडनावाच्या माणसानं अध्यक्षाशी नातं सांगण्याआधी आपण 83 मध्ये आहोत की दोघांत, हे पाहून घ्यावं.

आणि दोघांत निघाला तरी काय? दहा पिढ्या मागे गेलं की पूर्वजांच्या जागा 1,024 होतात. वाय त्यांतल्या एकाकडून येतं. थॉमस जेफरसनच्या आईचं घराणं रँडॉल्फ, व्हर्जिनियातलं बडं प्रस्थ, आणि त्या बाजूचं वाय त्याच्यात अर्थातच नाही. ‘जेफरसनचा जनुकीय वंश’ म्हणून जे छापलं गेलं ते त्याच्या वंशाच्या एका धाग्याबद्दल होतं.

काम अजून पुढे नेता येईल. 19 किंवा त्याच्या आसपासच्या ठिकाणांऐवजी आता वाय गुणसूत्राचा मोठा भाग अक्षर-अक्षर वाचता येतो. फील्डच्या वंशजांचं आणि त्या दोन ब्रिटिश पुरुषांचं असं वाचन शेजारी ठेवलं, तर मधल्या बदलांची संख्या मोजून समाईक पूर्वज कोणत्या शतकातला याचा अंदाज बांधता येईल. तो आडनावं रुळल्यानंतरचा निघाला तर शोध इंग्लंडातल्या एका घराण्यावर येऊन ठेपेल आणि स्नोडनची कथा आणखी मागे पडेल. पुढचं काम चर्चच्या नोंदवह्यांचं. अमेरिकेतला या घराण्याचा पहिला माहीत असलेला पुरुष, अध्यक्षाचा पणजोबा, 1697 मध्ये व्हर्जिनियातल्या हेन्रिको परगण्यात वारला. तो इंग्लंडात कुठल्या गावी जन्मला ते हुडकायचं आहे, आणि त्याचंही नाव थॉमसच होतं, म्हणजे नोंदवह्यांत दर दोन पानांवर सापडणारं.